वाचून, समजून केलेली सही

आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशीला मी सही शिकवली, त्याला आता अडीच वर्षं झाली. त्या सहीमुळे जे झालं ते मी ऑफिसात लिहून दिलं आहे, कोर्टातही सांगितलं आहे. पण दोन्हीकडे विचारलं तेवढंच सांगायचं असतं. राहिलेलं इथे लिहिते.

यवतमाळकडच्या कळंबच्या पुढे डांबरी रस्ता सोडून आत गेलं की एक बंजारा तांडा लागतो. तांड्याच्या तोंडाशी आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. दोन खोल्या, दोन शिक्षक. मुख्याध्यापक सर आणि मी. मावशी तांड्यातलीच. नवरा वारलेला, मुलगा आणि सून पुण्याकडे बांधकामावर. घरात एकटी. घरी गोरबोली बोलायची, माझ्याशी वऱ्हाडी. वय विचारलं की हसून आधार कार्ड पुढे करायची. पन्नाशीच्या आसपास असावी.

दर महिन्याला रजिस्टरवर तिचा अंगठा लागायचा. अंगठा दिला की ती बाहेर जायची आणि चुलीतल्या राखेनं बोट घासत बसायची. शाई पूर्ण गेल्याशिवाय तांदळाला हात लावायची नाही. मी एकदा म्हटलं, "मावशी, राहू द्या थोडी. काही होत नाही." ती म्हणाली, "लेकरं पाहतेत, मॅडम."

त्या हिवाळ्यात प्रौढांना साक्षर करण्याचं सरकारी काम शाळेकडे आलं. घरोघरी फिरून, लिहिता-वाचता न येणाऱ्यांची नावं मोबाइलमध्ये भरायची, त्यांचा वर्ग घ्यायचा आणि मार्चमध्ये परीक्षा. आम्ही शिक्षक मंडळींनी कुरकुर केली. आधीच कामं काय कमी होती! पण नावं भरली. तांड्यातून अकरा बायांची नावं निघाली, पुरुष एकही तयार होईना. मावशीचं नाव मी पहिलं घातलं.

वर्ग सुरू व्हायला जानेवारी उजाडला, कारण कापूस वेचणं संपल्याशिवाय कोणी बसणार नव्हतं. शाळा सुटल्यावर चार वाजता बाया यायच्या. परीक्षेला उरले होते जेमतेम दोन महिने. पहिल्याच आठवड्यात केंद्रप्रमुख आले. त्यांनी बायांना नमस्कार केला, पाटीवरचा 'ग' पाहिला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, अक्षरं होत राहतील. पहिले सही शिकवा. अंगठ्याचा फोटो आणि सहीचा फोटो, दोन्ही शेजारी शेजारी टाकायचे आहेत."

मला ते पटलं, हे मी लपवत नाही. सही लवकर येते. सही आली की बाया खूश होतात, टिकतात. मी प्रत्येकीचं नाव वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं आणि गिरवायला लावलं. पहिल्या दिवशी मी त्यांना म्हणालेसुद्धा, "एकदा सही आली ना, की कोणी फसवू शकणार नाही तुम्हाला." बाया माना डोलवत होत्या.

मावशीला सही सगळ्यांत आधी आली. तिच्या नावात शेवटी 'ळ' आहे. त्याची दोन वाटोळी तिनं अशी एकसारखी काढली की मी वही उचलून सगळ्यांना दाखवली. दुसऱ्या दिवशी खिचडीच्या पातेल्याजवळ कोळशानं भिंतीवर तीच सही होती. तिसऱ्या दिवशी तिच्या घराच्या दारावर होती. फेब्रुवारीच्या रजिस्टरवर तिनं पेन हातात घेतला तेव्हा सरांनी टाळ्या वाजवल्या. फोटो निघाला. केंद्रप्रमुखांच्या ग्रुपवर गेला. त्याखाली कितीतरी अंगठे आले, मोबाइलमधले.

पण एक गोष्ट मला त्याच आठवड्यात कळली होती. मी फळ्यावर 'बाळ' लिहिलं आणि म्हटलं, "मावशी, यात तुमच्या नावातलं अक्षर कोणतं?" ती फळ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "माह्यं नाव इथं कुठं आहे?" तिला 'ळ' येत नव्हता. तिला तिचं अख्खं नाव एका चित्रासारखं येत होतं. कुठून सुरू करायचं, कुठे वळायचं, कुठे संपवायचं. त्यातलं एक अक्षर सुटं काढून दाखवता येत नव्हतं.

मला ते नीट समजलं. आणि मी पुढच्या शब्दाकडे गेले, कारण पाठ पुढे न्यायचे होते.

परीक्षा आमच्याच शाळेत झाली. रविवार होता. बाया धुवट लुगडी नेसून आल्या होत्या. मुख्याध्यापक सर म्हणाले, "कोणी नापास व्हायला नको, बघा." मी बाकांमधून फिरले. कुठे बोट ठेवायचं ते दाखवलं, कुठे हात धरला, आणि शेवटी फळ्यावर उत्तरं लिहून दिली. बायांनी ती जशीच्या तशी उतरवली. मावशीच्या कागदावर तिची स्वतःची अशी एकच गोष्ट होती, वरच्या ओळीतलं नाव. बाकी माझं.

सगळ्या पास झाल्या. प्रमाणपत्रं आली तेव्हा मावशीनं तिचं प्लास्टिकमध्ये मढवून आणलं आणि मला विचारलं, "इथं काय लिवलं आहे?" मी वाचलं, "साक्षर." ती म्हणाली, "मी?"

मे महिन्यात तिचे दोघे भाऊ आले. तिचं माहेर दोन तालुके पलीकडे. वडील आदल्या वर्षी गेले होते. भाऊ म्हणाले, वारसाची नोंद करायची आहे, तुझी सही लागते. हे तिनं मला जाण्याआधी सांगितलं, आणि ज्या सुरात सांगितलं तो सूर मला अजून ऐकू येतो. "मले न्याले गाडी घेऊन आले, मॅडम. सहीसाठी." माझ्याकडचा निळा पेन मागून नेला. मी विचारलं नाही की कागद कसला आहे. सुट्टी लागली होती, मीही माहेरी निघाले होते.

ती परत आली ती नवीन लुगडं आणि मिठाईचा डबा घेऊन. शाळा उघडायच्या आधी मी साफसफाईला गेले तर तिनं मला पेढा दिला. ऑफिसातल्या माणसानं विचारलं होतं, "अंगठा की सही?" आणि ती म्हणाली होती, "सही येते मले." तिनं मला ते उभं राहून, करून दाखवलं.

तिची एक मोठी बहीण आहे, झरी जामणीकडच्या एका तांड्यात दिलेली. ती त्या दिवशी येऊ शकली नव्हती, म्हणून भावांनी तिला दोन आठवड्यांनी नेलं. बहीण अंगठेवाली. तिथे कागद लिहिणारा माणूस म्हणाला की अंगठा असेल तर आधी मोठ्यानं वाचून दाखवावं लागतं, तसं खाली लिहावंही लागतं. त्यानं वाचायला सुरुवात केली. 'माझा हक्क कायमचा सोडून देत आहे' इथपर्यंत आला तशी बहिणीनं हात मागे घेतला आणि उठून बाहेर गेली. रस्त्यावरूनच तिनं धाकट्या बहिणीला फोन लावला.

शाळेचा दुसरा का तिसरा दिवस होता. मुलं जेवून उठली होती. मावशी हात पुसत माझ्या टेबलाजवळ आली आणि सहीच्या दिवशी मिळालेली, घडी घातलेली झेरॉक्स पुढे ठेवली. "वाचून द्या बरं."

मी वाचलं. हक्कसोडपत्र. वडिलांच्या शेतातला तिचा हक्क, हिस्सा आणि हितसंबंध ती भावांच्या नावे, कोणाच्याही दबावाशिवाय, स्वखुशीनं सोडून देत होती. शेवटी ओळ होती, 'हा दस्त मी वाचून, समजून सही केली आहे.' आणि खाली ती सही. 'ळ'ची दोन्ही वाटोळी एकसारखी.

"वाचून, समजून," मी परत म्हटलं.

"कोनं वाचलं?"

मी सहीवर बोट ठेवलं.

"मी कुठं वाचलं, मॅडम? मले तं त्याईनं बोट ठेवून दाखवलं, इथं कर म्हने." मग ती म्हणाली, "मागितलं असतं तं देलं असतं मी. एकटा जीव, कायले पाह्यजे मले वावर? पन इचारलं काहून नाही?"

तिनं मला दोष दिला नाही. दिला असता तर मला काही तरी उत्तर देता आलं असतं. ती झेरॉक्स घेऊन भांडी घासायला गेली.

पुढच्या रविवारी मी तिला यवतमाळला एका वकिलांकडे घेऊन गेले. माणूस भला होता, घाईत होता. त्यांनी कागद पाहिला आणि विचारलं, "शिक्षण?"

मी म्हटलं, "तिला वाचता येत नाही."

मावशीनं पिशवीतून प्लास्टिकमधलं प्रमाणपत्र काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं. कुठलाही कागद मागतील म्हणून तिनं घरातले सगळेच आणले होते.

वकील ते बघून खुर्चीत मागे टेकले. "ये तो मुश्किल है. सरकार म्हणते ही बाई साक्षर आहे. समोरचा वकील हेच पहिले दाखवेल. हिला वाचता येत नव्हतं हे सिद्ध करायचं तर हे प्रमाणपत्र कसं मिळालं ते कोणीतरी सांगावं लागेल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हीच शिकवलं ना? द्याल लिहून?"

मी म्हणाले, "विचार करते."

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. बस सुटल्यावर तिनं विचारलं, "त्यानं तुमची नोकरी जाईन काय?"

"माहीत नाही, मावशी."

"मंग नका देऊ."

आणि मी ते धरून बसले. तिनंच नको म्हटलं, असं मी स्वतःला तीन आठवडे सांगत राहिले. सरांनी सांगितलं, "फक्त तिचं नाही, अकराही जणींचं प्रमाणपत्र जाईल, माझंही नाव येईल." घरी नवरा म्हणाला, "भावाबहिणीचं भांडण आहे, तू कशाला पडतेस?" मावशी रोज यायची, खिचडी शिजवायची, माझ्यासाठी कोरा चहा ठेवायची. कप ठेवताना पूर्वीसारखं काही बोलायची नाही, एवढंच. त्या महिन्याच्या रजिस्टरवर तिनं सही केली तेव्हा मी दुसरीकडे पाहिलं.

मग एक दिवस पहिलीत मूल घालायला एक तरुण आई आली. प्रवेशाचा अर्ज मी स्वतः भरला आणि सवयीनं तिच्यापुढे सरकवला. "इथे सही कर." तिनं पेन उचलला. स्वयंपाकाच्या खोलीच्या दारातून मावशीचा आवाज आला.

"थांब वो बाई. पह्यले मॅडमले वाचून दाखवाले सांग."

ती माझ्याकडे पाहत नव्हती. कुत्सित बोलत नव्हती. तिला खरोखरच वाटलं होतं की त्या पोरीनं तसं विचारावं. मी अर्ज माझ्याकडे फिरवून घेतला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचला, आईचं नाव, जन्मतारीख, सगळं. ती आई गोंधळून हसत होती.

त्याच संध्याकाळी घरी स्वयंपाक व्हायच्या आधी मी बसून लिहून काढलं. उत्तरं फळ्यावर मी लिहिली. या बाईला परीक्षेच्या दिवशी स्वतःच्या नावापलीकडे एकही शब्द वाचता येत नव्हता आणि ते मला माहीत होतं. एक प्रत वकिलांना दिली, एक गटशिक्षणाधिकाऱ्यांना.

माझी चौकशी झाली. कारणे दाखवा नोटीस आली, सेवापुस्तकात ठपक्याची नोंद झाली. नोकरी राहिली. सरांनी माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं, ते अजून तसंच आहे. पण मला लागलं ते तांड्यातलं. माझ्या लेखी जबाबाची बातमी पसरली आणि वर्गातल्या बाया माझ्या दारात आल्या. त्यातली एक, जिनं खरंच मन लावून मुळाक्षरं केली होती आणि निम्मी उत्तरं स्वतःची लिहिली होती, ती म्हणाली, "तिच्यासाठी आमचं पन खोटं केलं तुमी." मी तिला समजावायला गेले. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमी कुठं मागितलं होतं फळ्यावर लिहून?"

हे खरं होतं. त्यांनी मागितलं नव्हतं.

वकिलांनी दस्त रद्द करण्याचा दावा तयार केला. सही करायला आम्ही परत यवतमाळला गेलो. त्यांनी शाईचा डबा पुढे केला. "अंगठा लावा. केस मजबूत होते."

मावशीनं डब्याकडे पाहिलं. "अंगठा कायले? सही येते मले."

"अहो बाई, तेच तर कोर्टाला दिसायला नको."

"येते तं येते. खोटं कायले करू?" मग ती म्हणाली, "पन तुमी पह्यले वाचा."

वकिलांनी मुकाट्यानं चष्मा लावला आणि सहा पानं वाचली. मध्ये दोनदा तिनं थांबवून अर्थ विचारला. मग तिनं सही केली. त्यांनी खाली 'वाचून दाखवले' असं लिहिलं.

पावसाळा सरल्यावर तिनं मला म्हटलं, "आता खरं शिकवा." मी पुस्तक काढलं. ती म्हणाली, "ते नाही. त्या कागदावरून शिकवा." हक्कसोडपत्राची झेरॉक्स तिनं मुलांच्या पाटीवर पसरली. मी सांगितलं की हे अवघड आहे, सुरुवात अशी करत नाहीत. पण ती हटली नाही. रोज मुलं गेली की अर्धा तास आम्ही त्या कागदावर बसायचो. 'हक्क' हा शब्द तिनं चार दिवसांत ओळखायला सुरुवात केली, कारण तो कागदावर सगळीकडे होता. 'क'ला 'क' जोडलेला पाहून म्हणाली, "हे दोघं एकमेकाच्या अंगावर पडून राह्यले." काही शब्द मलाही सांगता येत नव्हते. मी डी.एड. झालेली बाई, 'हितसंबंध' म्हणजे नेमकं काय ते तिला सांगताना अडखळले.

हे कळल्यावर वकिलांचा मला फोन आला. ते चिडले होते. "मॅडम, तिला आता शिकवू नका. साक्ष व्हायची आहे. समोरचा वकील कागद हातात देऊन वाचायला लावेल. वाचलं तर केस गेली समजा."

मी हे तिला जसंच्या तसं सांगितलं. या वेळी मी काही लपवणार नव्हते. ती चुलीसमोर बसली होती, लाकूड आत सारत होती.

"म्हंजे वावर पाह्यजे तं अडानी राहा?"

"साक्ष होईपर्यंत."

"कवा होईन?"

"सांगता येत नाही. वर्षही लागेल."

दोन दिवस वर्गाला आली नाही. मला वाटलं, ठरलं. तिसऱ्या दिवशी मुलं गेल्यावर ती आली, कागद पसरला आणि म्हणाली, "कुठवर आलतो आपन?"

साक्ष यंदाच्या उन्हाळ्याआधी झाली. माझी आधी झाली. फळ्यावर उत्तरं कोणी लिहिली, हे मी न्यायाधीशांसमोर, मावशीच्या भावांसमोर सांगितलं. मग ती उभी राहिली. झालं तसंच. समोरच्या वकिलांनी दस्त तिच्या हातात दिला. "बाई, पहिली ओळ वाचा."

आमचे वकील उभे राहिले, हरकत घेतली. तोवर तिनं बोट ओळीखाली ठेवलं होतं. एकेक अक्षर जोडत, मध्ये श्वास घेत, तिनं ती ओळ वाचली. 'हक्कसोडपत्र लिहून देणार' इथपर्यंत. समोरचे वकील हसले. "साहेब, नोंद घ्यावी. वाचता येतं."

"आता येते," ती म्हणाली. "तवा नव्हतं येत. सही केली तवा नव्हतं येत. मधात मॅडमनं शिकवलं."

न्यायाधीशांनी तिचं बोलणं लिहून घ्यायला सांगितलं, शब्द न बदलता. एवढंच. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

बाहेर आवारात तिचा थोरला भाऊ उभा होता. तो जवळ आला आणि गोरबोलीत काही बोलला. मला सगळं कळलं नाही. एवढं कळलं की तो तिला 'बाई' म्हणत होता, म्हणजे बहिणीला म्हणतात तसं, आणि आम्ही तुला काय कमी केलं असं काही तरी विचारत होता. ती उभ्या उभ्या रडू लागली. त्यानं खिशातून रुमाल काढला, हातात धरून ठेवला आणि दिला नाही. मग तो निघून गेला.

आमच्या वकिलांनी सांगितलं की निकाल कसाही लागू शकतो. ते माझ्याकडे बघत नव्हते.

दोन दिवाळ्या झाल्या, ती माहेरी गेलेली नाही. भाऊ नेत नाहीत, तीही जात नाही. झरीची बहीण कधीतरी फोन करते. यंदा साक्षरतेची यादी पुन्हा आली. मी मावशीचं नाव घालायला गेले तर मोबाइलनं घेतलं नाही. ती आधीच साक्षर आहे. ती नाव नसतानाच बसते. तिच्यासोबत आता तिघी येतात. अकरातली एकही नाही, तिघी नव्या आहेत. सही मी शिकवत नाही, सगळ्यात शेवटी शिकवीन असं ठरवलं आहे. केंद्रप्रमुख फोटो मागतात. मी सांगते, अजून नाही.

परवा त्या तिघींमधली एक कंटाळून म्हणाली, "माह्यं नाव कवा लिवाले शिकवसान?" मावशीनं माझ्या आधी उत्तर दिलं. "घाई कायले? पह्यले बाकीच्याईचं वाच."

पुढची तारीख पोळ्यानंतरची आहे.